पेठांचा सामना, शाहू स्टेडियम, कोल्हापूर: पोरींना घेऊन जा, पण जागा बघून बसा

टीव्हीवर रात्र रात्र जागून परदेशातली फुटबॉल लीग बघणाऱ्यांनी एकदा तरी शाहू स्टेडियमवर पेठेचा सामना बघावा, असं मी भेटेल त्याला सांगते. यंदा पुण्याहून आलेल्या भाचीला घेऊन एका स्पर्धेचा उपांत्य सामना बघितला. ती शाळेच्या संघात डावी बॅक, म्हणजे डाव्या बाजूची बचावपटू म्हणून खेळते. तिच्यासाठी याहून चांगली शिकवणी कुठं मिळाली नसती.

बाहेरगावच्या लोकांसाठी थोडं सांगते. इथले बरेच संघ तालमींचे आहेत. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावं मुळात तालमींचीच. जिथं कुस्ती रुजली तिथल्याच पोरांनी फुटबॉलही धरला. केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या वरिष्ठ गटात १६ संघ खेळतात, आणि हंगाम हिवाळ्यात सुरू होतो तो थेट उन्हाळ्यापर्यंत. बरीच पोरं कॉलेज, नोकरी, दुकान सांभाळून खेळतात. बघणाऱ्यांनी त्यांना गल्लीत चड्डीवर खेळताना पाहिलेलं असतं. त्यामुळं जर्सीचा नंबर कुणी पुकारत नाही, घरातल्या नावानं हाक जाते. ‘सोड की आता!’, ‘एकटाच कुठं निघालास मर्दा, पास दे!’ ईर्षा म्हणतात ती इथं ऐकायला येते.

सामना काटाजोड झाला. पूर्वार्धात एकानं कॉर्नरवर हेडरनं गोल केला, उत्तरार्धात दुसऱ्यानं फेडला. पण मला सांगायचंय ते आमच्या शेजारी बसलेल्या काकांबद्दल. डोक्यावर ओला रुमाल, हातात शेंगदाण्याची पुडी. भाची चेंडूमागं मान फिरवतेय हे बघून ते म्हणाले, “पोरी, चेंडूकडं बघू नको. त्या डाव्या बॅकचे पाय बघ.” ती बघायला लागली. समोरचा विंगर, म्हणजे कडेनं चढाई करणारा खेळाडू, अंगावर आला की तो बॅक आधी अर्धं पाऊल मागं घ्यायचा, शरीर तिरकं करायचा आणि त्याला कडेच्या रेषेकडं ढकलत न्यायचा. चेंडूला पाय लावायची घाई अजिबात नाही. तिसऱ्यांदा विंगरनं चेंडू जरा लांब सोडला आणि यानं बरोबर त्याच क्षणी पाय घातला. अगदी आमच्या पुढ्यात. स्टडखाली गवत फाटल्याचा आवाजसुद्धा आला. भाची उठून ओरडली, “मावशी, बघितलंस? थांबला तो!” काकांनी पुडी तिच्यापुढं धरली.

असा प्रेक्षक पैसे देऊन आणता येत नाही. याच गावचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, त्यामागं चूक झाली की लगेच सांगणारी ही गॅलरी आहे असं मी मानते.

शेवटच्या काही मिनिटांत पेनल्टीचं अपील रेफ्रीनं फेटाळलं आणि वातावरण तापलं. दोन्हीकडची पोरं छातीला छाती लावून उभी, राखीव खेळाडू आत धावले, गॅलरीतून पाण्याच्या बाटल्या आल्या. हे मला मुळीच मान्य नाही. आपल्या पेठेचा जीव लावून पुकारा करणं वेगळं, आणि बाटली फेकणं वेगळं. ती लागते कुणाला? बहुतेक वेळा लाईनमनला, नाहीतर आपल्याच पोराला. दोन्ही कप्तानांनी आपापल्या लोकांपुढं येऊन हात जोडले तेव्हा खेळ सुरू झाला. पुढं टायब्रेकरमध्ये निकाल लागला.

माझी खरी तक्रार या स्पर्धेच्या संयोजकांवर आहे. महिलांसाठी जागा राखल्याचा फलक लावला होता, पण तिथं तरुणांची टोळकी बसलेली. स्वयंसेवकाला सांगितलं तर म्हणतो, “ताई, तुम्ही तिकडं कुठंतरी बसा की.” माझ्या आजूबाजूला कितीतरी बायका आपल्या पोरांचा खेळ बघायला आल्या होत्या, काहींच्या कडेवर लेकरं. त्यांना पायऱ्यांवर उभं ठेवून कसली स्पर्धा भरवता? दोरी बांधा, तिथं दोन माणसं उभी करा, बाकी काही नको.

तरीही जाच. दुपारच्या सामन्याला पायऱ्या तापलेल्या असतात, म्हणून बसायला जाडसं काहीतरी न्या, टोपी न्या, घरचं पाणी प्लास्टिकच्या हलक्या बाटलीतून न्या. मुलं सोबत असतील तर दोन्ही संघांच्या कट्टर समर्थकांपासून लांब, मध्यरेषेच्या आसपास वयस्कर मंडळी बसतात तिकडं जागा धरा. खेळ समजावून सांगणारा कुणी ना कुणी तिथं भेटतोच. आणि शेवटची शिट्टी झाल्यावर लगेच दाराकडं धावू नका. गर्दी ओसरेपर्यंत जागेवरच बसा. आम्ही बसलो म्हणून तो डावा बॅक कडेला आल्यावर भाचीला त्याला विचारता आलं, “दादा, पाय कधी घालायचा ते कसं कळतं?” बुटाच्या नाड्या सोडत तो तिच्याशी चांगली पाच मिनिटं बोलला.