रुग्ण तज्ज्ञांकडे पाठवताना: व्हॉट्सॲप, ई-संजीवनी की आभा?

तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या फॅमिली डॉक्टरने यांपैकी कोणता मार्ग धरावा, हे ठरवताना मी आधी एकच गोष्ट पाहतो: तज्ज्ञांचे मत परत माझ्यापर्यंत पोहोचेल का?

व्हॉट्सॲपवर ते सर्वांत लवकर पोहोचते. ओळखीच्या हृदयरोगतज्ज्ञांना ईसीजी पाठवला की बहुधा काही मिनिटांत उत्तर येते. मात्र घाईत काढलेल्या फोटोत पट्टीची कड कापली जाते, तिच्यावर छापलेला कागदाचा वेग दिसत नाही, रुग्णाचे नावही नसते, आणि महिनाभराने तुलनेसाठी तोच ईसीजी हवा झाला तर तो शेकडो संदेशांखाली गाडला गेलेला असतो. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन (दुरून दिला जाणारा वैद्यकीय सल्ला) मार्गदर्शक तत्त्वांनुसार दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेतला तरी उपचारांची जबाबदारी सल्ला विचारणाऱ्यावरच राहते. त्यामुळे मिळालेला सल्ला केस पेपरवर तारखेसह उतरवून घेणे मला अत्यावश्यक वाटते.

ई-संजीवनी या सरकारी टेलिमेडिसिन सेवेत ही नोंद प्रणालीतच होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या तिच्या डॉक्टर-ते-डॉक्टर सेवेत आरोग्य केंद्रातून मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलता येते आणि औषधांची चिठ्ठी ऑनलाइन मिळते. प्राथमिक आरोग्य केंद्रात असाल तर हाच मार्ग धरा. खासगी दवाखान्यासाठी मात्र ही साखळी बांधलेली नाही. आपला रुग्ण घरून तिची मोफत ओपीडी वापरू शकतो, पण त्याने चिठ्ठी आणून दाखवली तरच तिथे काय ठरले ते आपल्याला कळते.

आभा म्हणजे रुग्णाचा चौदा अंकी आरोग्य क्रमांक. रुग्णालयाचे आणि आपले सॉफ्टवेअर आभाच्या व्यवस्थेला जोडलेले असेल, तर रुग्णाच्या संमतीने डिस्चार्जचे कागद थेट पाहता येतात. वर्षानुवर्षे आपल्याकडेच येणाऱ्या मधुमेही आणि हृदयरुग्णांसाठी हे मोलाचे आहे, मात्र नुसत्या आभा क्रमांकाने तज्ज्ञांना प्रश्न विचारता येत नाही. इंग्लंडमध्ये २०१५ पासून चालू असलेल्या ई-रेफरल सेवेत वेळ घेणे आणि नुसता सल्ला विचारणे या दोन्ही सोयी एकत्र आहेत. तशी सोय येथील खासगी डॉक्टरांनाही मिळावी, असे मला मनापासून वाटते.

तोवर खासगी दवाखान्याने जुन्या रुग्णांची आभा नोंदणी सुरू करावी आणि प्रश्न व्हॉट्सॲपवर विचारावा. रुग्ण अत्यवस्थ असेल तर थेट फोन करावा. रुग्णासोबत तज्ज्ञांना पाठवायच्या चिठ्ठीत ‘पुढील उपचारांसाठी’ एवढेच न लिहिता चालू औषधे, त्यांचे डोस आणि आपली नेमकी शंका लिहावी, आणि खाली उत्तरासाठी चार ओळी कोऱ्या सोडाव्यात.