लॅपटॉपमधलं गाणं जुन्या ॲम्पवर: वायर, डॅक की ब्लूटूथ?

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं आणि सांगलीत कितीतरी घरांतल्या कॅसेटी भिजल्या. आमच्याही भिजल्या. बाबांचा ॲम्प, म्हणजे स्पीकरना पुरेल इतका आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर, आणि दोन्ही स्पीकर वेळेत माळ्यावर गेले म्हणून वाचले. तेव्हापासून घरातलं सगळं गाणं लॅपटॉपमध्ये आहे. पण लॅपटॉपच्या स्पीकरमधून तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, ऐकूच येत नाही. त्या इवल्याशा स्पीकरना तो झेपत नाही. म्हणून गाणं पुन्हा त्या जुन्या ॲम्पवर आणायचं ठरवलं आणि एकेक करून सगळे मार्ग करून पाहिले. तुम्हीही याच विचारात असाल तर आधी माझं ऐका, मग पैसे काढा.

सगळ्यात आधी ॲम्पची मागची बाजू बघा. ऑक्स, टेप, सीडी किंवा ट्यूनर असं लिहिलेली लाल-पांढऱ्या पिनांची जागा असेल तर काम झालं. फोनो लिहिलेल्या जागेत मात्र लॅपटॉप कधीही जोडू नका. ती रेकॉर्ड प्लेअरसाठी असते. तिथे आवाज अनेक पटींनी वाढवला जातो, शिवाय खर्ज जास्त उचलला जातो, त्यामुळे सगळं फाटकं आणि घुमणारं ऐकू येतं. काही जुन्या ॲम्पना पाच पिनांचं गोल सॉकेट असतं. त्याची लाल-पांढऱ्या पिनांत बदलणारी वायर मिळते. तेवढ्यासाठी ॲम्प मोडीत काढू नका.

आता खरी तुलना. सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे हेडफोनच्या जॅकमधून थेट वायर, एका टोकाला साडेतीन मिलिमीटरची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढरी जोडी. लॅपटॉपचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवायचा, फाटायला लागला तर थोडा उतरवायचा, आणि कमी-जास्त ॲम्पवरून करायचं. अनेकांना एवढ्यावरच समाधान मिळेल. पण लॅपटॉपच्या आत जागा अपुरी, त्यात पंखा, डिस्क, स्क्रीन सगळ्यांचीच लुडबुड. गाणं थांबवून ॲम्प मोठा केला की बारीक किरकिर ऐकू येते, माऊस हलवला की तीही हलते.

डॅक इथेच कामी येतो. यूएसबीला जोडायची ही छोटी डबी फाइलीतल्या आकड्यांपासून आवाज स्वतः तयार करते, लॅपटॉपच्या पोटातल्या गोंधळापासून लांब. फोनला हेडफोन लावायला जो टाइप-सीचा छोटा डोंगल मिळतो, त्यातल्या बहुतेकांच्या आतही डॅकच असतो. सुरुवात तिथून करायला हरकत नाही. आमच्याकडे वायरवरून डॅकवर गेल्यावर पहिला फरक गाण्यात नाही, गाण्याच्या मधल्या शांततेत कळला. किरकिर गेली.

ॲम्पमधून येणारी जाड, सलग घरघर मात्र राहिली. यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही. संध्याकाळी काळी एकच्या, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या, सुरातलं एक ध्वनिमुद्रण लावलं होतं. तानपुऱ्याची पहिली तार, म्हणजे पंचम, सतत उतरल्यासारखी वाटत होती. खर्ज, जोड (मधल्या दोन तारा), सगळं जागेवर, पंचमाशीच काहीतरी थरथरत होतं. काळी एकचा तो पंचम १०४ हर्ट्झच्या आसपास येतो. आपल्या विजेची घरघर ५० हर्ट्झची, आणि तिची दुप्पट १००. ॲम्पमधून येणारी ती १००ची घरघर पंचमाला चिकटून उतरलेला पंचम धरून बसली होती, म्हणून ते थरथरणं. चार्जर काढला आणि तार एकदम सुरात आली. असं झालं की समजायचं, लॅपटॉप आणि ॲम्प दोघांच्या अर्थिंगमधून वीज गोल फिरतेय. जुन्या घरांत अर्थिंग नावालाच असतं, त्यामुळे हे आपल्याकडे जास्त होतं. यूएसबीचा डॅक लावून हे हमखास जात नाही, कारण तोही लॅपटॉपला तारेनेच जोडलेला असतो.

उपाय आहेत. लॅपटॉपचा चार्जर आणि ॲम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावा. निम्म्या वेळा तेवढ्यानं भागतं. नाही भागलं तर वायरच्या मध्ये आयसोलेटर बसवा, म्हणजे गाणं जाऊ देणारी पण विजेची ती फेरी तोडणारी छोटी डबी. चार्जरची अर्थची पिन कापणं किंवा चिकटपट्टीनं झाकणं मात्र कधीच करू नका, जीवावर बेतू शकतं. कायमचा उपाय म्हणजे ऑप्टिकल वायर. तिच्यातून वीज नाही, प्रकाश जातो, म्हणून घरघरीला रस्ताच उरत नाही. मात्र त्यासाठी कॉम्प्युटरला ऑप्टिकल आउट हवं आणि पुढे ती घेणारा डॅक. घरात मोठा डेस्कटॉप असेल तर मागे बघा, अनेकदा असतं.

ब्लूटूथलाही घरघर नाही, कारण मध्ये तारच नाही. छोटा रिसीव्हर ॲम्पला जोडला की झालं. पण सीडीचा आवाज सेकंदाला १४११ किलोबिटचा, आणि ब्लूटूथची साधी पद्धत तो ३२८च्या आसपास दाबते. फाइल आधीच एमपीथ्री असेल तर हे दुसऱ्यांदा दाबणं. अभंग, भावगीतं, स्वयंपाक करताना कानावर पडणारं रेडिओसारखं काही, यात फरक जाणवत नाही. संथ विलंबित ऐकताना, तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेची झणकार, विरत जाते तिथे, मला जाणवतो.

वायफायवरून पाठवायचे मार्गही आहेत, रास्पबेरी पायसारखा छोटा कॉम्प्युटर ॲम्पशेजारी ठेवून. आवाज पूर्ण जातो, लॅपटॉप दुसऱ्या खोलीत राहू शकतो. पण सेट करायला निवांत एक दिवस हवा आणि घरात कुणीतरी ते सांभाळणारं हवं. नसेल तर या वाटेला जाऊ नका.

फाइलींबद्दल एकच. सीडीवरून घेताना फ्लॅक नावाच्या फाइलप्रकारात घ्या. सीडीच्या जवळजवळ निम्म्या जागेत तेच गाणं, काहीही न गमावता. सीडीहून मोठ्या आकड्यांच्या फाइलींच्या मागे लागू नका. मिरजेत राहिलेल्या गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या. मुळातच त्यात वरचे बारीक आवाज मोजके उतरलेत, १९२ किलोहर्ट्झची फाइल करून त्यात भर पडत नाही.

मला विचाराल तर आधी घरात पडलेली साधी वायर लावून आठवडाभर ऐका. किरकिर खटकली तर डॅक घ्या. घरघर खटकली तर चार्जर काढून बघा, मगच काय घ्यायचं ते ठरवा. आणि घरात फोनवरूनच गाणी लावणारं कुणी असेल तर त्यांच्यासाठी ब्लूटूथचा रिसीव्हर वेगळा बसवा, एकाच ॲम्पवर दोन्ही राहतात. आमच्याकडे तो टेपच्या जागेत आहे आणि डॅक ऑक्सवर. सकाळी आई फोनवरून अभंग लावते. रात्री जेवणं झाली की मी खटका ऑक्सवर फिरवते, आणि आई आतून विचारते, "आज कोण लावतेस गं?"