ड्रीमवीव्हर : टेम्पलेट की पानाची नक्कल?

ड्रीमवीव्हर या संकेतस्थळे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सोलापुरी चादरींच्या दुकानाचे संकेतस्थळ करताना जुने पान ‘सेव्ह अ‍ॅज’ करून नवे बनवणे नवशिक्याला सोपे वाटते, आणि चार-पाच पानांपुरते ते खरेही आहे. मात्र दुकान नवी पेठेतून हलले की पत्ता प्रत्येक पानावर वेगळा बदलावा लागतो. टेम्पलेटमध्ये, म्हणजे अनेक पानांच्या सामायिक साच्यात, तो एकदाच बदलला की जोडलेली पाने सुधारतात, तरी ती सर्व्हरवर पुन्हा चढवावीच लागतात. खरा घोळ फोल्डरचा आहे : टेम्पलेटची डीडब्ल्यूटी फाइल साइटच्या मूळ फोल्डरातील ‘टेम्पलेट्स’मध्येच राहावी लागते. मी ती (आवराआवरीच्या हौसेने) ‘चादर जुने’ नावाच्या फोल्डरात हलवली आणि टेम्पलेटमधले दुवे तुटले. नक्कल केलेल्या पानांना हा फोल्डर लागत नाही. तरीही चादरींचे नमुने वाढणार असतील, तर मी टेम्पलेटच निवडेन.