आधी प्रोसेसर की ग्राफिक्स कार्ड? रायझन ५ ५६०० काही महिने वापरल्यानंतर

माझा पीसी असा होता: रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड, ३२०० च्या वेगाची १६ जीबी रॅम (८-८ च्या दोन स्टिक), १०८०पी १४४ हर्ट्झचा मॉनिटर. पैसे एकाच पार्टपुरते होते. ज्याला विचारावं तो म्हणे, डोळे मिटून कार्ड घे. मी प्रोसेसर घेतला, रायझन ५ ५६००. आज पुन्हा ठरवायचं झालं तरी हेच ठरवीन.

कोणता पार्ट आधी, हे तुम्ही काय खेळता यावर ठरतं. मी रोज खेळतो काउंटर-स्ट्राइक २ आणि व्हॅलोरंट. सायबरपंक २०७७ फक्त सुट्टीच्या दिवशी. काउंटर-स्ट्राइकमध्ये एरवी १४० च्या आसपास एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) मिळायचे, पण स्मोक (धुराचा बॉम्ब) पडून चार-पाच जण एकदम साइटवर (बॉम्ब लावायच्या जागी) आले की आकडा ७० वर यायचा, तोही नेमका गोळी झाडायच्या क्षणी. आफ्टरबर्नर (कार्डाचा वापर दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून पाहिलं, तर तेव्हा कार्डाचा वापर जेमतेम ६० टक्के. मग रिझोल्यूशन ७२०पी केलं. एफपीएस जागचे हलले नाहीत. कार्डावरचं ओझं कमी करूनही फरक पडत नाही, म्हणजे अडवणूक प्रोसेसरची. ही चाचणी फुकटात आणि पाच मिनिटांत होते. खरेदीआधी ती प्रत्येकाने करावीच.

एक गोष्ट मात्र नीट पाहा. प्रोसेसरचा एकूण वापर ५० टक्के दिसला म्हणजे तो मोकळा आहे असं नसतं. २६०० ला १२ थ्रेड (एकाच वेळी काम चालवायच्या वाटा) आहेत. गेमचं मुख्य काम त्यातल्या एक-दोनच थ्रेडवर चालतं आणि तेवढे पूर्ण भरले की बाकीचे नुसते वाट बघतात. त्यामुळे भरवसा ठेवायचा तो कार्डाच्या वापरावर. फ्रेम लिमिट आणि व्ही-सिंक (एफपीएस अडवून धरणाऱ्या सेटिंग) बंद असताना तो ९७-९९ टक्के असेल तर कार्ड बदला, बराच कमी असेल तर प्रोसेसर.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कार्ड कमी पडलं तर सावल्या कमी करता येतात, एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणारं तंत्र) लावता येतं, रिझोल्यूशन उतरवता येतं. प्रोसेसर कमी पडला की सेटिंगमध्ये फारसं काही हाती लागत नाही.

दोन्ही प्रोसेसरना ६ कोअर आणि १२ थ्रेडच. पण २६०० मध्ये कोअरचे तीन-तीनचे दोन गट आहेत आणि प्रत्येक गटाला ८ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी). ५६०० मध्ये सहाही कोअर एकाच गटात आणि ३२ एमबी कॅश सगळ्यांना सामायिक. गेमना याचा फायदा होतो. माझ्याकडे काउंटर-स्ट्राइक आता २०० च्या वर चालतो, आणि त्याच स्मोकमध्ये १०० च्या खाली क्वचितच येतो. मला सरासरीपेक्षा या खालच्या आकड्याचं मोल जास्त आहे. हाताला जाणवतो तो तोच. सायबरपंकमध्ये मात्र काहीही बदललं नाही. तिथे कार्ड आधीही ९९ टक्क्यांवर होतं, आजही आहे.

मग त्याच बोर्डावर बसणारा रायझन ५७००एक्स३डी का नाही? त्याची ९६ एमबी कॅश मोह पाडते. पण तो १०५ वॉटचा, सोबत कूलर नाही, आणि माझा बोर्ड स्वस्तातला. ५६०० हा ६५ वॉटचा, कूलर डब्यातच. त्या कूलरवर मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत तापमान ८० च्या पुढे जातं. मर्यादा ९० ची आहे आणि वेग कमी झालेला मला दिसला नाही, पण पंख्याचा आवाज येतो. आवाज नको असेल तर वेगळ्या कूलरचे पैसे धरा.

नव्या एएम५ सॉकेटच्या प्रोसेसरवर गेलो असतो तर बोर्ड आणि डीडीआर५ रॅमही घ्यावी लागली असती. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव कसे भडकले ते सगळ्यांनी पाहिलंच.

बसवताना दोन गोष्टी सांभाळा. जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच बायॉस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा, म्हणजे बोर्ड नवा प्रोसेसर ओळखेल, आणि पीसी यूपीएसवर ठेवून करा. मधेच लाइट गेली तर बोर्डच बंद पडू शकतो. दुसरं, कूलर सरळ वर ओढू नका. पेस्ट सुकलेली असली तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी थोडा वेळ गेम चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग पीसी बंद करून प्लग काढा आणि कूलर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

रॅमची एकच स्टिक असेल तर मात्र प्रोसेसर, कार्ड सगळं बाजूला ठेवून आधी दुसरी स्टिक घ्या, आणि बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू आहे का ते बघा. ते बंद असेल तर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर रखडत चाललेली असते. एसएसडीने एफपीएस वाढत नाहीत, पण हार्ड डिस्कवर आजचे मोठे गेम खेळवत नाहीत.

पुढचा नंबर कार्डाचा. आरटीएक्स ३०६० चा १२ जीबी प्रकार मनात आहे. तो पूर्ण १६ लेन (बोर्डाशी डेटाची ने-आण करायच्या वाटा) वापरतो, त्यामुळे कार्डाचा जोड जुन्या पीसीआयई ३ चा असलेल्या माझ्या बोर्डावर अडणार नाही. मात्र तो १७० वॉट घेतो, माझं आत्ताचं कार्ड १२५. माझा एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) ते सहज पेलेल, पण ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, आणि त्यावर मॉनिटरही आहे. म्हणून कार्डाच्या बजेटमध्ये मोठ्या यूपीएसचे पैसे आत्ताच धरून ठेवलेत.