संशोधन शिकायचं कुठे: अभ्यासक्रमात की आपल्याच वर्गात?

लहान मुलांना काही वर्षं शिकवलं की प्रश्न पडायला लागतात. चित्रं दाखवत गोष्ट सांगितली तर मुलं जास्त बोलतात का? सकाळी रडत येणारं मूल कशाने लवकर रमतं? नुसत्या अंदाजावर समाधान होईनासं झालं की संशोधन पद्धती शिकाव्याशा वाटतात. मग दोन वाटा समोर येतात: रीतसर अभ्यासक्रम किंवा कृतिसंशोधन, म्हणजे शिकवता शिकवता स्वतःच्याच वर्गाचा केलेला अभ्यास. मी दोन्ही केलं आहे, आधी अभ्यासक्रम आणि मग वर्ग. आता कोणी विचारलं तर बहुतेकींना मी उलटा क्रम सांगते.

अभ्यासक्रमात नमुना निवड (कोणाकोणाचा अभ्यास करायचा ते ठरवणं), नियंत्रित गट (तुलनेसाठी ठेवलेला गट), प्रश्नावली, सांख्यिकी हे सगळं येतं. त्याचा मोठा लाभ म्हणजे दुसऱ्यांचं संशोधन नीट वाचता येतं. अमेरिकेतला पेरी प्रीस्कूल प्रकल्प घ्या. 1962 साली सुरू झालेल्या या प्रकल्पात 123 मुलं होती. त्यांपैकी 58 जणांना पूर्वप्राथमिक शिक्षण मिळालं, 65 जणांना नाही, आणि दोन्ही गटांचा माग चाळिशीपर्यंत ठेवला गेला. पद्धती न शिकता हे वाचलं तर ‘बालशिक्षणाचा फायदा होतो’ एवढंच हाती लागतं. शिकून वाचलं की पुढचे प्रश्न सुचतात: गट कसे पाडले? ही मुलं गरीब घरांतली होती, मग निष्कर्ष सगळ्यांना लागू होतात का? 123 मुलांवरून किती ठामपणे बोलावं? अशा शंका घेता येणं मला फार मोलाचं वाटतं.

अभ्यासक्रमाची उणीव एकच, पण मोठी. बरीचशी उदाहरणं मोठ्या माणसांची असतात, आणि चार वर्षांच्या मुलाच्या हातात प्रश्नावली देऊन काही कळत नाही. त्याला पाहावं लागतं.

ते पाहणं वर्गातच शिकता येतं. कृतिसंशोधन ही संज्ञा रूढ केली मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी, 1946 च्या सुमारास. आखणी करायची, कृती करायची, निरीक्षण करायचं, विचार करायचा आणि पुन्हा आखायचं. ऐकायला सोपं आहे, पण खरी अडचण नोंदीत येते. माझ्या वहीत सुरुवातीला असायचं: ‘आज फार हट्टीपणा केला.’ हा झाला माझा निवाडा. नोंद अशी हवी: ‘10.05. लाल ठोकळा उचलला. शेजारच्या मुलीकडे पाहिलं. ठोकळा पाठीमागे धरला.’ ही वाचल्यावर वाटतं, हट्ट कसला, खेळायला बोलावत असेल! अमेरिकन संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी 1932 साली मुलांच्या एकत्र खेळण्याचे प्रकार मांडले, तेही एकेका मुलाकडे एकेक मिनिट पाहून. ही युक्ती भरल्या वर्गातही जमते.

मात्र कृतिसंशोधनात फसायला होतं. शिकवणारे आपण, पाहणारेही आपण, त्यामुळे हवं तेच दिसतं. शिवाय सहा आठवड्यांत मूल तसंही जास्त बोलायला लागतं, ते वाढत असतं. श्रेय आपल्या उपक्रमाला देऊन आपण मोकळे होतो. पहिल्या अडचणीवर एक उपाय आहे. सहकारी ताईंना त्याच वेळी वेगळी नोंद करायला सांगा. 20 नोंदींपैकी 16 जुळल्या तर 80 टक्के मेळ बसला. न जुळलेल्या 4 नोंदींवर मात्र दोघींनी बसून बोला, कारण व्याख्येतला घोळ बहुधा तिथेच सापडतो. दुसऱ्या अडचणीवर तुलनेसाठी दुसरा गट लागतो, आणि तो कसा निवडायचा हे अभ्यासक्रमच शिकवतो.

संमतीच्या बाबतीतही अभ्यासक्रम सरस आहे. मुलाच्या ताईंना ‘नाही’ म्हणणं पालकांना अवघड जातं, ही गोष्ट मला तिथेच पहिल्यांदा स्पष्ट कळली. पालकांनी सही केली तरी मुलाने पाठ फिरवली की वही मिटायची, हे मात्र मुलांनी शिकवलं.

तर निवड कशी करावी? पदवी हवी असेल किंवा लेख प्रसिद्ध करायचा असेल तर सरळ अभ्यासक्रम घ्या. आपला वर्ग समजून घ्यायचा असेल तर एकच प्रश्न निवडा, सहा आठवडे नोंदी ठेवा आणि ती वही घेऊन अभ्यासक्रमाला जा. प्रवेशापूर्वी दोन गोष्टी विचारा: लहान मुलांचं प्रत्यक्ष निरीक्षण करायला मिळणार का, आणि आमच्या नोंदी कोण वाचणार? दोन्हींची ठोस उत्तरं मिळाली नाहीत तर दुसरा अभ्यासक्रम शोधा.