भजनी मंडळासाठी मिक्सर: यामाहाचा एमजी१०एक्सयू की बेहरिंगरचा एक्सआर१८?

पहिला ॲनालॉग, दुसरा टॅबलेटवर चालणारा डिजिटल. दुकानात चर्चा रंगते ती इफेक्टची. मला विचाराल तर आधी प्रीॲम्प, म्हणजे माइकचा क्षीण आवाज वाढवणारा भाग, पाहा.

शुअरच्या एसएम५८ माइकवर ९४ डेसिबलचा खणखणीत आवाज पडला तरी तारेतून येतात जेमतेम १.८५ मिलिव्होल्ट. मिक्सरला ते व्होल्टच्या घरात न्यायचे, म्हणजे पाचशे-सहाशे पट वाढवायचे. याच पायरीवर प्रीॲम्पची स्वतःची सूं-सूं मिसळली, की ती गाण्याबरोबरच वाढते आणि पुढचं कुठलंच बटण तिला वेगळं करत नाही. इथे दोघेही भरवशाचे: यामाहात त्यांचे डी-प्रे नावाचे प्रीॲम्प, बेहरिंगरमध्ये मिडास या मिक्सर-कंपनीच्या आराखड्याचे. कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्टही दोन्हींत मिळतात.

खरी अडचण संख्येची. यामाहाच्या नावात १० असले तरी माइक-प्रीॲम्प ४च, एक्सआर१८मध्ये १६. बुवा, पेटी आणि पखवाजाच्या दोन्ही पुड्या एवढ्यातच चार संपतात. टाळकरी कोरस कशात धरणार?

दुसरा फरक शिट्टीचा, म्हणजे स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरून होणाऱ्या घुमण्याचा. यामाहाच्या चॅनेलवर हाय, मिड, लो असे तीनच ठरलेले पट्टे. पेटीचा माइक ३०० हर्ट्झच्या आसपास घुमायला लागला, तर नेमकी तीच जागा कापता येत नाही. लो कमी करावा तर पेटीच पोकळ होते. एक्सआर१८च्या पॅरामेट्रिक इक्वलायझरमध्ये घुमणारी कंप्रता शोधून तेवढीच दाबता येते. शिवाय सहा ऑक्स (आवाजाचं वेगळं मिश्रण बाहेर काढायच्या वाटा) असल्याने पखवाजवाद्याला बुवा जास्त आणि बुवांना पेटी जास्त, असा प्रत्येकाला हवा तसा मॉनिटर (कलाकाराला स्वतःला ऐकायचा स्पीकर) देता येतो. माझ्या लेखी मंडळाच्या गाण्यात सर्वांत जास्त सुधारणा यानेच होते, कारण कलाकाराला स्वतःचं नीट ऐकू आलं की तो ओरडत नाही.

यामाहाची बाजू साध्या वापराची. बटण समोर, हात थेट त्यावर. वीज क्षणभर जाऊन आली तर तो लगेच बोलू लागतो. डिजिटलला पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो.

नारदीय कीर्तनाला, घरगुती भजनाला यामाहा पुरे. चारपेक्षा जास्त माइक लागत असतील आणि कार्यक्रमभर मिक्सरपाशी बसणारा माणूस असेल, तर एक्सआर१८च घ्या. मात्र छोटा यूपीएस आणि वेगळा ५ गिगाहर्ट्झचा राउटर त्याच वर्गणीत धरा: त्याचं अंगचं वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, आणि सप्ताहाच्या मांडवात त्याच पट्ट्यात शेकडो फोन असतात.