सालीच्या भावाने घेतलेल्या ढलप्या

आमच्या ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या घरात पूर्वेच्या खिडकीशी एक फॅलेनॉप्सिस जातीचे ऑर्किड आहे. जानेवारीत वाढदिवसाला मुलीने ते आणून दिले, एप्रिलच्या मध्यापर्यंत त्याची फुले टिकली आणि फुले गळाल्यावर कुंडी बदलावी या रूढ सल्ल्यानुसार मी घोडबंदर रस्त्यालगतच्या एका रोपवाटिकेत कुंडीत भरायचे मिश्रण आणायला गेले. रोपवाटिकेचे नाव येथे देत नाही, कारण माझी तक्रार अजून निकाली निघालेली नाही.

ऑर्किड साध्या मातीत लावायचे नसते, एवढे मला ठाऊक होते. सह्याद्रीत आंब्या-जांभळांच्या खोडांवर सीतेची वेणी हे रानातले ऑर्किड फुलते तेव्हा तिची मुळे सालीला चिकटून उघड्यावरच असतात; आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, बहुतेक झाडावरच्या जातींप्रमाणे फॅलेनॉप्सिसची मुळेही तशीच वाढतात. मुळांवर स्पंजासारखे पांढुरके आवरण असते. ते पाणी झटकन शोषून घेते, पण नंतर त्याला वारा लागावा लागतो. म्हणून कुंडीत पाइनच्या सालीचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे घालतात, जेणेकरून पाणी खाली निघून जाते आणि तुकड्यांमध्ये हवा राहते.

कोणते मिश्रण घ्यावे या माझ्या अडचणीवर विक्रेत्याजवळ तयार उत्तर होते. "काकू, निर्धास्त राहा, हा न्यूझीलंडचा माल आहे, दोन पिशव्या घेऊन ठेवा, पुढच्या महिन्यात भाव वाढणार आहे," असे तो म्हणाला. पिशवीवर रंगीत स्टिकर, किवी पक्ष्याचे चित्र आणि '5 लिटर' असा ठळक आकडा होता. एका पिशवीचे 650 रुपये याप्रमाणे मी दोन पिशव्यांचे 1300 रुपये यूपीआयने दिले. पावती मागितल्यावर त्याने एका चिठोऱ्यावर 'कुंडी साहित्य' एवढेच लिहून दिले, आणि ती कच्ची पावती मी बिनबोभाट पर्समध्ये ठेवली. आयुष्यभर बँकेत व्हाउचर तपासणाऱ्या बाईने हे करायला नको होते, पण केले.

घरी कुंडी रिकामी केली तेव्हा मुळांच्या मधोमध मुठीएवढा घट्ट शेवाळाचा गोळा निघाला. वाहतुकीत रोप सुकू नये म्हणून तो असतो, पण घरी आणल्यावर तो आत कुजतो. तो मी काढून टाकला. नंतर नवी पिशवी उघडली. वर तपकिरी तुकडे होते आणि तळाशी चार बोटे बारीक भुसकट व कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) बसले होते. भुसकट काय, असे मी विक्रेत्याला फोनवर विचारले, तर ते 'खत' असल्याचे उत्तर मिळाले. संशय आला होता, तरी मी ते सगळे कुंडीत रिकामे केले.

मे महिन्यात फरक दिसला नाही. जूनमध्ये पाऊस लागला, घरात कपडे वाळेनासे झाले, आणि कुंडीतले मिश्रण पाणी न घालताही आठ-आठ दिवस ओलेच राहू लागले. जुलैमध्ये पाने लुळी पडली, तेव्हा मला वाटले रोपाला पाणी कमी पडते आहे, म्हणून मी आणखी पाणी घातले. कुजलेली मुळे पाणी घेऊच शकत नाहीत, त्यामुळे ओल्या कुंडीतले रोपही तहानलेलेच दिसते, हे तेव्हा लक्षात आले नाही. विक्रेत्याकडे गेले तर त्याने फोटो पाहून "काकू, तुम्ही पाणी जास्त घालता" असे म्हणत 280 रुपयांची मुळे वाढवणारी बाटली हाती दिली. पाणी जास्त झाले होते हे खरे. पण ते कशामुळे साचत होते, ते तो सांगणार नव्हता.

बाटलीने काही होईना, तेव्हा मी रोप उपटून पाहिले. मुळांना कुजकट वास येत होता. एक मूळ चिमटीत धरून ओढले तर वरचे आवरण ओल्या मोज्यासारखे निघून हातात आले आणि आत नुसती तार राहिली. अकरा मुळांपैकी दोन शाबूत होती.

त्या दिवशी मी दुसरी, न उघडलेली पिशवी वर्तमानपत्रावर ओतली. लिटरच्या मापाने मोजली, तर सैल भरूनही साडेतीन लिटर झाली. एक तुकडा मोडला, तर तो सुतारकामातल्या ढलपीसारखा रेषांच्या दिशेने सरळ उभा फाटला आणि आतून फिकट पिवळा निघाला. खरी पाइनची साल पापुद्र्यांची असते, मोडली तर थरांनी सुटते आणि आत-बाहेर साधारण एकाच लालसर तपकिरी रंगाची असते. ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसल्यावर फडक्याला तपकिरी रंग लागला. येथे एक सांगायला हवे: असा रंग लागणे किंवा भिजवलेले पाणी चहासारखे होणे हा फसवणुकीचा पुरावा नव्हे, कारण खऱ्या सालीतून आणि नारळाच्या सोडणातूनही पहिल्या भिजवणीला तसा रंग उतरतो. म्हणून तुकडा मोडून आतला भाग पाहणे महत्त्वाचे.

साल आणि लाकूड हा फरक केवळ दिसण्याचा नाही. झाडाची साल मुळातच पाणी आणि बुरशी यांना अडवण्यासाठी घडलेली असते, म्हणून ती कुंडीत दीड-दोन वर्षे टिकते. लाकडाची ढलपी पाणी पिऊन फुगते, बुरशीला आयते खाद्य मिळते, आणि काही महिन्यांतच तिचा लगदा होऊन तुकड्यांमधली हवा नाहीशी होते. तळाच्या भुसकटाने उरलीसुरली फटही बुजवली होती. ठाण्याच्या पावसाळी दमटपणात तर ही कुंडी म्हणजे झाकण लावलेला डबाच झाला.

पिशवीवरचे लिखाणही मी तेव्हाच पहिल्यांदा नीट वाचले. भारतात वेष्टनात विकल्या जाणाऱ्या वस्तूंवर 2011 च्या नियमांनुसार उत्पादक, पॅकर किंवा आयातदार यांचे नाव-पत्ता, आयात मालाचा मूळ देश, निव्वळ परिमाण, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसहित कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क एवढे छापलेले असावे लागते. माझ्या पिशवीवर न्यूझीलंड होते, पण आयातदार नव्हता. किंमत पेनाने लिहिलेली होती. पिशवी हातात घेऊन उलटी केली असती, तर हे एका मिनिटात कळले असते.

विक्रेत्याकडे फडके, मोडलेला तुकडा आणि मापाचा फोटो घेऊन गेले. तो आधी म्हणाला, माल वरूनच तसा येतो. मग म्हणाला, पिशवी उघडली म्हणून परत घेता येत नाही. शेवटी दुकानात चार गिऱ्हाइके उभी असताना त्याने कपाळाला आठ्या घालून एका पिशवीचे 650 रुपये परत केले. उरलेल्या रकमेसाठी आणि खोट्या वर्णनासाठी मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. कच्च्या पावतीपेक्षा तेथे यूपीआयची नोंद, पिशवीवरचा स्टिकर आणि फोटो अधिक उपयोगी पडले.

रोपाची कुजलेली मुळे स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापली. आता तीन भाग चीडची (पाइनच्याच एका जातीची) साल आणि एक भाग लोणारी कोळसा असे मिश्रण आहे. सालीचे तुकडे आधी एक रात्र भिजवून घेतले, कारण कोरडी साल सुरुवातीला पाणी घेतच नाही. सोडणाचे तुकडे स्वस्त पडतात, पण ते ओल अधिक धरतात आणि त्यांत मीठ असू शकते, म्हणून दोन-तीन वेळा पाणी बदलून भिजवावे लागतात. आमच्या खिडकीत पावसाळ्यासाठी मला ते नको वाटले. कुंडी पारदर्शक आहे आणि तिला बाजूंनीही भोके आहेत. आतली मुळे चंदेरी दिसली की पाणी, हिरवी असतील तर नाही, असे चालू आहे.

सप्टेंबरच्या शेवटी एक नवे मूळ दिसले, टोकाला हिरवट आणि जेमतेम नखाएवढे. त्याच आठवड्यात त्या रोपवाटिकेसमोरून रिक्षाने गेले, तेव्हा तीच पिशव्यांची थप्पी पुढे मांडलेली होती. स्टिकरवरचा किवी पक्षी मात्र गेला होता, आणि आता तेथे मोठ्या अक्षरांत 'थायलंड' लिहिले होते.